पावसाळ्यापूर्वी शटरची निगा

राजुऱ्यात पाऊस साधारणतः जूनच्या मध्यास येतो. दुकानाच्या शटरची निगा मात्र मे महिन्यातच घ्यावी. कोळशाच्या ट्रकांची आणि रस्त्याची धूळ उन्हाळाभर शटरच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत साचते. पहिल्या सरींनी तिचा चिखल होतो आणि पट्ट्या अडकू लागतात. पुष्कळ व्यापारी अशा वेळी खाचांत जाड ग्रीस भरतात; त्यावर धूळ अधिकच चिकटते. खाचा प्रथम कोरड्या ब्रशने झाडाव्यात (ब्रश मऊ असावा, वरच्या पेटीत मुंग्या, कोळी आसऱ्याला असतात), मग पातळ तेलाचा हात देऊन जास्तीचे तेल पुसावे. तळपट्टीचा गंज घासून रेड ऑक्साइड लावावा.

खरा धोका वरच्या स्प्रिंगांचा. शटरचे वजन त्याच तोलतात. शटर उचलण्यास जड जाऊ लागले किंवा मध्यावर सोडताच खाली घसरू लागले, तर स्प्रिंगा थकल्या असे समजावे. त्या ताणलेल्या असतात. घरच्या पान्याने सोडवू पाहणाऱ्याचा हात मोडू शकतो. ते काम शटर-मिस्त्रीचेच. तो येईपर्यंत सकाळी दुकान उघडण्याचा मान घरातील वडीलधाऱ्यांना देऊ नये. दोघा तरुणांनी मिळून शटर उचलावे, आणि खाली कोणी उभे राहू नये.