अंदाजपत्रकात वारली माणूस कुठे आहे?

विद्यापीठाकडे किंवा दिल्लीच्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे अनुदानासाठी अर्ज करायचा म्हटले की, आमचे प्राध्यापक विषयाच्या मांडणीवर महिना घालवतात आणि अंदाजपत्रक शेवटच्या रात्री उरकतात. आमचे म्हणणे असे की, संशोधन कोणाचे हे त्या शेवटच्या पानावरच ठरते.

पालघर जिल्ह्यातले डहाणू आणि तलासरी हे अनुसूचित क्षेत्रातले तालुके. १९४५ साली तलासरीतल्या झरी गावातून वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा पुकारला. डहाणूतल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. अशा भागावर अभ्यास करायला बाहेरून माणसे येतच असतात. त्यांच्या अंदाजपत्रकात लॅपटॉप असतो, पुस्तके असतात, टायपिंग असते. पाड्यापाड्यावर नेणारा, वारली बोलीतले बोलणे उलगडून सांगणारा तरुण मात्र ‘किरकोळ’ या शब्दाखाली गाडला जातो. ज्याच्याशिवाय एकही मुलाखत होत नाही, तो किरकोळ कसा?

म्हणून आमच्या अभ्यासकांनी त्याच्यासाठी स्वतंत्र रकाना मांडावा. स्थानिक संशोधन सहायक दोन, प्रत्येकी चाळीस दिवस, रोजचा दर इतका, एकूण इतके. दर सरकारी किमान वेतनाखाली नसावा. शेजारी कारण लिहावे : मुलाखती वारली बोलीत होणार, प्रमाण मराठीतल्या प्रश्नावलीने खरी माहिती मिळणार नाही.

प्रवासाचेही तसेच. डहाणू रोडपर्यंत रेल्वे आहे, मोठ्या गावापर्यंत एस. टी. आहे, पुढे पाड्यापर्यंत रिक्षा, जीप किंवा पायपीट. हे टप्पे वेगवेगळे दाखवावेत. भातकापणी उरकली की दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात. तेव्हा एक फेरी पाड्यावर आणि दुसरी भट्टीवर, असा दुहेरी खर्च धरावा व त्याचे कारणही द्यावे. मुलाखतीसाठी ज्याची रोजी बुडते, त्याची भरपाई धरावी. अहवालाचा सार वारलीत सांगण्यासाठी पाड्यावर शेवटची बैठक घ्यावी, तिचाही खर्च लिहावा.

समिती कात्री लावेल, ही भीती खरी आहे. पण कात्री आधी लागते ती मोघम आकड्याला. फुगवलेला आकडाही तिथेच पकडला जातो. कपात झालीच, तर किती पाडे आणि किती मुलाखती गळतील, हे लेखी कळवावे.

हा धडा आम्हाला बाबासाहेबांनीच दिला आहे. प्रांतिक अर्थव्यवस्थेवर १९२५ साली ग्रंथ लिहिणाऱ्या या अर्थतज्ज्ञाने २९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना निवेदन दिले. बनारस आणि अलीगड विद्यापीठांना सरकार दरसाल तीन-तीन लाख रुपये देते, मग अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणाची जबाबदारी कोणाची, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. त्यांनी दयेची याचना केली नाही, सरकारच्याच खर्चाचा दाखला दिला. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली.

शतकानुशतके वारल्यांकडून फुकट राबवून घेतले गेले. त्या वेठीवर प्रबंध लिहिणाऱ्यांनी तरी त्यांच्या श्रमाचा दाम कागदावर मांडायला नको काय?