परसातली खोली : पत्र्याची की विटांची?

मुलाचे लग्न ठरले की भिवंडी-कल्याणकडच्या आपल्या कारागीर बांधवांची नजर घरामागच्या परसाकडे वळते. परवडण्यासारख्या गोष्टी दोनच. यंत्रमागाच्या शेडवर लोखंडी जिना लावून पत्र्याची खोली, किंवा जमिनीवर वेगळ्या जोत्याची विटांची खोली. पहिली स्वस्त, जागाही अडवत नाही. पण खाली माग चालू असला की वर भांडी वाजतात, कापसाची धूळ चढते, आणि मे महिन्यात पत्र्याखाली तान्हे मूल झोपत नाही. शिवाय जुन्या भिंतींवर नवा भार! शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बिनपरवाना इमारत एप्रिल २०१३ मध्ये कोसळून ७४ माणसे गेली, हे विसरू नये.

माझे मत विटांच्या खोलीला. दहा बाय बाराची चालेल, पण मोरी आतच आणि सुनेला स्वतंत्र दार हवे. पाया खणण्याआधी महापालिकेची परवानगी घ्यावी.

खोली मुलाला द्यायचीच असेल तर तोंडी हिबाही चालतो. मात्र देणे, स्वीकारणे आणि ताबा ही तिन्ही हवीत. ‘ही तुझी’ म्हणून वडील तिथेच कापडाचे ताके रचत राहिले, तर पुढे भावंडांत वाद ठरलेला. किल्ली साक्षीदारांसमोर द्यावी, बहिणींनाही बोलवावे.