ताप उतरला, घड्याळाचे काय?

विषाणूचा ताप उतरल्यावरही थकवा महिनोन्‌महिने रेंगाळत असेल, तर त्याचा माग शरीराच्या घड्याळातही घ्यायला हवा. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये उंदरांना नागिणीच्या कुळातील विषाणूची लागण केली. उंदीर निशाचर, त्यांच्या विश्रांतीच्या सुरुवातीला, म्हणजे सकाळी, लागण झालेल्यांत विषाणू दहा तासांनी लागण झालेल्यांपेक्षा दहापट वाढला. घड्याळाचे एक मुख्य जनुक निकामी केल्यावर मात्र तो कोणत्याही वेळी भरपूर वाढू लागला.

हे झाले लागणीचे. रेंगाळणाऱ्या लक्षणांबाबत २०२३ मध्ये येल विद्यापीठातील अकिको इवासाकी यांच्या गटाचे निरीक्षण बोलके आहे: दीर्घ कोविडच्या रुग्णांत कॉर्टिसॉल बरेच कमी आढळले. हे संप्रेरक शरीराच्या घड्याळानुसार पहाटे वाढते, शरीराला दिवसासाठी तयार करते आणि दाहही आवरते. यावर आक्षेप असा की, आजाराने झोप मोडते, म्हणून घड्याळ बिघडते; ते कारण नव्हे, परिणाम. आक्षेप रास्तच आहे. पण मोडलेली झोप स्वतःच दाह वाढवते, तेव्हा परिणामही पुढच्या दुखण्याचे कारण ठरू शकतो. घड्याळ सुधारले की रोग जाईल, असे मात्र कोणी समजू नये. डॉक्टरांना थकव्यासोबत झोपेच्या वेळाही सांगा. आणि घरातल्यांनी अशा रुग्णाला सकाळी उठवत नाही म्हणून आळशी ठरवू नये.