जुनी पिकअप गाडी घेतल्यावर पहिल्या पंधरवड्यात घ्यावयाची निगा

नाशिक जिल्ह्यातील शेतमालाच्या वाहतुकीत पिकअप गाडीला महत्त्वाचे स्थान प्राप्त झाले आहे. दिंडोरी, निफाड, चांदवड या तालुक्यांतील टोमॅटो पिंपळगाव बसवंतच्या बाजारात, कांदा लासलगावच्या बाजारात आणि भाजीपाला कसारा घाट उतरून वाशीच्या बाजारात पोहोचविण्याचे काम ही गाडी करते. नवीन गाडीची किंमत पेलत नसल्याने अनेक शेतकरी वापरलेली गाडी विकत घेतात. त्यात गैर काहीच नाही. मात्र सौदा होताच दुसऱ्या दिवशी माल भरून ती घाटात नेणे धोक्याचे होय.

बैल घेताना दात पाहिले म्हणजे त्याच्या वयाचा अंदाज येतो. गाडीतील तेल, रबर व पट्टे यांचे वय मात्र नुसते पाहून कळतेच असे नाही. यास्तव एक साधा नियम पाळावा : ज्या वस्तूच्या बदलाची लेखी तारीख मिळत नाही, तिची मुदत संपली आहे असे समजावे आणि ती बदलून नव्या मालकाने आपली नोंद पहिल्या दिवसापासून सुरू करावी.

ब्रेक

सर्वांत प्रथम ब्रेककडे लक्ष द्यावे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा हळूहळू शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे ताजे तेल २०५ अंश सेल्सिअसच्या आत उकळत नाही. परंतु त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरले म्हणजे ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. भरलेली गाडी घाट उतरत असता ब्रेक सतत दाबून ठेवल्यास ते तापतात, नळीतील तेल उकळते व त्याची वाफ होते. तेल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पायातील पट्टी तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. सपाट रस्त्यावर हा दोष मुळीच जाणवत नाही, हेच त्यातील मोठे संकट होय.

याकरिता जुने तेल पूर्णपणे काढून पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे, सीलबंद डब्यातील तेल भरावे व नळ्यांतील हवा काढून टाकावी. यापुढे दर दोन वर्षांनी ते बदलावे. इंजिनाचे तेल यात चुकूनही घालू नये. त्याने रबरी वायसर फुगतात. चाके काढून पुढील पॅड व मागील लायनर तपासावेत आणि हातब्रेक चढावर लावून पाहावा. दुरुस्तीनंतर गाडी प्रथम रिकामी, मग अर्ध्या भाराने चालवून पाहावी.

टायर

टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. ‘२३१९’ याचा अर्थ २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. खाचा खोल दिसल्या तरी रबर जुने होऊन तडकलेले असू शकते. तडे गेलेला, फुगलेला अथवा एका बाजूने झिजलेला टायर बदलावा. एका बाजूची झीज चाकांचे अलाइनमेंट बिघडल्याची खूण असते. हवा टायर थंड असतानाच मोजावी. स्टेपनी, जॅक व पाना गाडीत असल्याची खात्री करावी. चाक काढून बसविल्यावर सुमारे शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावेत.

इंजिन

इंजिन ऑइल व त्याचा फिल्टर एकाच वेळी बदलावेत. भारत स्टेज सहा प्रकारच्या गाड्यांत धुरातील काजळी अडविणारा फिल्टर असल्यास पुस्तिकेतील प्रतीचेच तेल वापरावे. अन्य तेलाच्या राखेने तो तुंबतो. डिझेल फिल्टरमध्ये साचलेले पाणी काढावे व फिल्टर नवा बसवावा. मळ्यांच्या कच्च्या रस्त्यांवर धूळ फार असल्याने एअर फिल्टर ठरलेल्या मुदतीपूर्वीच तपासणे इष्ट होय.

रेडिएटरमध्ये विहिरीचे वा बोअरचे पाणी घालण्याची पद्धत सोडावी. त्यातील क्षार आत साचून इंजिन तापते. योग्य प्रमाणातील कूलंट भरावे आणि मऊ पडलेल्या रबरी नळ्या व भेगा गेलेला पंख्याचा पट्टा बदलावा. इंजिन गरम असता रेडिएटरचे झाकण उघडू नये. इंजिनास टायमिंग बेल्ट असल्यास व तो केव्हा बदलला याची नोंद नसल्यास तोही बदलावा. तो तुटल्यास इंजिनाची फार मोठी हानी होते.

खालचा भाग व हौदा

गिअरपेटी व मागील आसाची पेटी यांतील तेल तपासावे. प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांना व कमानीच्या पिनांना ग्रीस द्यावे. कमानीचा पाटा तुटलेला नाही, हे पाहावे. खताचे कण आणि सडलेल्या मालाचे पाणी यांमुळे हौदा व सांगाडा गंजतो; म्हणून खत वाहिल्यावर गाडी खालूनही धुवावी. औषधे वाहिलेला हौदा स्वच्छ केल्याशिवाय त्यात भाजीपाला भरू नये.

भार व घाट

किती माल भरावा, हे नोंदणीपत्रावरूनच ठरवावे. समजा, मालासह एकूण वजन २,९०० किलो व रिकाम्या गाडीचे वजन १,७०० किलो नोंदले आहे. उरलेल्या १,२०० किलोंतून चालक व सोबती यांचे १५० किलो वजा केल्यास १,०५० किलो राहतात. क्रेटसह २२ किलो वजन धरले तर ४७ क्रेट भरता येतील, सत्तर नव्हे. घाट उतरताना खालचा गिअर ठेवावा. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करणे किंवा इंजिन बंद करणे प्राणघातक आहे. इंजिन बंद होताच ब्रेकला मिळणारे साहाय्यही लवकरच संपते.

कागदपत्रे

गाडीबरोबर नावाचीही दुरुस्ती झाली पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. विमा नावावर करून घेण्यासाठीही १४ दिवसांची मुदत आहे. नोंदणीत ज्याचे नाव असेल तोच अपघाताच्या भरपाईस मालक म्हणून जबाबदार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. म्हणून ही दिरंगाई विकणाऱ्यासही परवडणारी नाही. कर्जाचा बोजा उतरला आहे काय व योग्यता प्रमाणपत्राची मुदत केव्हापर्यंत आहे, हेही पाहावे. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीस हे प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते.

नोंदवही

गाडीत एक लहान वही ठेवावी. तीत तारीख, किलोमीटर, केलेले काम व घातलेल्या तेलाची प्रत लिहावी. ग्रामसेवक व कृषी साहाय्यकांनी टोमॅटोचा हंगाम सुरू होण्यापूर्वी गावातील गाड्यांची माहितगार मेकॅनिककडून एकत्र तपासणी घडवून आणल्यास पुष्कळ धोके गावातच टळतील. गाडीची किंमत ठरवितानाच या पहिल्या दुरुस्तीचा खर्च बाजूला काढून ठेवावा. तो सोडून मिळालेली गाडी स्वस्त दिसते खरी. परंतु तिची खरी किंमत घाटाच्या उतारावर कळते, आणि तेथे ती चालक व वाटेवरील इतरांना मोजावी लागते.