स्प्रिंगांवरची सरकती गाडी

व्यायामाची साधनं हा माझा जुना नाद आहे. मुद्गल, करेला, पुरलेला आणि टांगता मल्लखांब यांपैकी काहीही दिसलं की मी थांबतेच. पुण्यातली अय्यंगार गुरुजींची संस्था बघायला गेले तेव्हा सोबतची मंडळी आसनं बघत होती आणि माझी नजर भिंतीतल्या हुकांना लावलेल्या दोरांवर खिळली होती. दुखऱ्या, आखडलेल्या शरीरालाही आसनाची चव मिळावी म्हणून त्या माणसाने दोर, खुर्च्या, लाकडी ठोकळे कामाला लावले. ही मला विसाव्या शतकातल्या मोठ्या देणग्यांपैकी एक वाटते. त्यामुळे आमच्या भागात रिफॉर्मर पिलाटेसचा स्टुडिओ निघाल्यावर नवशिक्यांच्या वर्गाला नाव घालणं ओघानेच आलं.

पिलाटेस हे एका माणसाचं आडनाव. जोसेफ पिलाटेस 1883 साली जर्मनीतल्या म्योन्शनग्लाडबाख इथे जन्मले. लहानपणी दमा आणि मुडदूस यांनी बेजार झालेलं हे पोर व्यायामाने सुधारलं. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यांना आइल ऑफ मॅन बेटावरच्या नॉकॅलो छावणीत स्थानबद्ध केलं गेलं. तिथे आजाऱ्यांच्या खाटांना स्प्रिंगा बांधून त्यांनी पडल्यापडल्या व्यायाम करवला, ही कथा सगळे सांगतात. तिला लोककथेची थोडी फोडणी बसली असावी असं माझं मत, पण कथा यंत्राला शोभते खरी. 1926 मध्ये ते न्यूयॉर्कला गेले, पत्नी क्लारासह आठव्या अ‍ॅव्हेन्यूवर व्यायामशाळा काढली आणि आपल्या पद्धतीला ‘कंट्रोलॉजी’ म्हणू लागले. जॉर्ज बॅलन्शीन आणि मार्था ग्रॅहम या नृत्यदिग्दर्शकांमुळे नर्तक तिथे येऊ लागले. 1967 मध्ये ते वारले. 2000 साली अमेरिकेतल्या न्यायालयाने ‘पिलाटेस’ हे नाव कुणा एकाच्या मालकीचं नाही असा निकाल दिला आणि जगभर वर्ग निघाले. इतिहास एवढा पुरे, आता यंत्राकडे येते.

रिफॉर्मर म्हणजे पलंगाएवढी लांब, अरुंद चौकट. चौकटीच्या आत दोन रुळांवर गादी लावलेली गाडी सरकते. डोक्याच्या बाजूला कप्प्या, त्यांवरून आलेले दोर आणि दोरांना पट्टे. पायांच्या बाजूला आडवा दांडा, त्याला फूटबार म्हणतात. आणि गाडीच्या पोटाखाली स्प्रिंगा! अंगठ्याएवढ्या जाडीच्या, बहुधा चार किंवा पाच. एक टोक गाडीला पक्कं, दुसरं टोक फूटबारजवळच्या पट्टीवरच्या आकड्यात अडकवायचं किंवा काढायचं. प्रत्येक स्प्रिंगेच्या टोकाला रंग असतो. आमच्या वर्गात लाल जड, निळी मध्यम आणि पिवळी हलकी होती. रंगांचा हा हिशेब कंपनीगणिक बदलतो, म्हणून दुसरीकडे गेल्यावर आधी विचारून घ्यावं.

इथेच माझा जीव अडकला. डंबेल पाच किलोचा असेल तर तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाचच किलोचा राहतो. स्प्रिंगेचं तसं नसतं. रॉबर्ट हूक यांनी 1678 साली प्रसिद्ध केलेला नियम शाळेत सगळेच शिकतो: ताण जेवढा वाढवाल तेवढी ओढ वाढते. शाळेत तो वहीत राहिला, इथे तो माझ्या मांड्यांना कळला. पाठीवर झोपायचं, खांदे गाडीवरच्या ठोकळ्यांना टेकवायचे, टाचा फूटबारवर ठेवायच्या आणि पाय सरळ करत गाडी ढकलायची. गुडघे दुमडलेले असतात तिथे गाडी सहज सुटते. पाय सरळ होत आले की ओढ जाणवते. मग खरी परीक्षा येते ती परतीच्या वाटेवर. स्प्रिंगा गाडीला झपकन घरी न्यायला बघतात आणि आपण तिला सावकाश, आवाज न करता आणायचं. जिना उतरताना मांडीचे स्नायू लांबत लांबत शरीराचा भार धरून ठेवतात, तसंच काम इथे होतं.

‘‘काकू, गाडी आपटू देऊ नका, शेवटची वीतभर तुम्हीच आणा,’’ आमची प्रशिक्षिका प्रत्येक फेरीला सांगायची. सगळी विद्या त्या शेवटच्या वीतभरात आहे. नंतर मी डोळे मिटून नुसते आवाज ऐकले: कुणाची गाडी धाडकन थांब्यावर आदळते आणि कुणाची अलगद टेकते, यावरून कोण किती मुरलंय ते ओळखता येतं.

मग ‘हंड्रेड’: हातात पट्टे, पाय वर उचललेले, डोकं आणि खांदे किंचित उचललेले, आणि सरळ हात खाली-वर छोट्या ठोक्यांनी हलवायचे. पाच ठोके श्वास आत, पाच ठोके बाहेर, अशी दहा आवर्तनं म्हणजे शंभर. मान दुखली तर डोकं खाली ठेवायला मुभा असते आणि नवशिक्यांनी ती जरूर घ्यावी. त्यानंतर पाय पट्ट्यांत अडकवून हवेत गोल फिरवले, तेव्हा खुब्याचे सांधे इतके मोकळे झाले की वर्गातल्या कुणालाच तो व्यायाम थांबवावासा वाटेना.

सर्वांत उलटी गोष्ट शेवटी कळली. एक पाय चौकटीवरच्या स्थिर पाटावर, दुसरा गाडीवर, अशी उभ्याने करायची हालचाल होती. प्रशिक्षिकेने लाल स्प्रिंग काढून पिवळी लावली. भार कमी, म्हणजे काम सोपं, असंच कुणालाही वाटेल. पण हलक्या स्प्रिंगेवर गाडी कशीही पळते, आणि तिला आवरायला पोट, खुबे, पावलांच्या कमानी सगळेच कामाला लागतात. झोपून ढकलताना जास्त स्प्रिंगा जड जातात आणि उभ्याने तोल सांभाळताना पुष्कळदा कमी स्प्रिंगा अवघड असतात. मल्लखांबातही लाकडी खांबाहून दोरीचा मल्लखांब वेगळीच परीक्षा घेतो, ते यामुळेच असावं.

याने वजन उतरतं का, हे मला जो तो विचारतो. त्यासाठी हा वर्ग लावू नका, चालणं-पोहणं त्याहून उपयोगी. कंबरदुखीचं म्हणाल तर अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2015 च्या कॉक्रेन आढाव्यात असं दिसलं की जवळजवळ काहीच उपचार न करण्यापेक्षा पिलाटेसने बरं वाटतं, पण इतर व्यायामांपेक्षा ते सरस असल्याचा ठाम पुरावा मिळाला नाही. मला हा निकाल प्रामाणिक वाटतो. शिवाय फी जिमपेक्षा बरीच जास्त असते. यंत्र महाग, जागा मोठी आणि एका प्रशिक्षिकेने सांभाळायची माणसं मोजकी, हे त्याचं कारण.

तुम्ही जाणार असाल तर पहिला वर्ग नवशिक्यांचाच निवडा, आणि तोही जिथे प्रशिक्षिका स्वतः येऊन तुमच्या स्प्रिंगा तपासते असा. तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे न्या. हाडं ठिसूळ झाली असतील, मणक्याची गादी सरकलेली असेल किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारा आणि वर्ग सुरू होण्याआधीच प्रशिक्षिकेला सांगा, कारण ठिसूळ हाडांच्या माणसाने पाठीची कमान करून पुढे वाकायचे व्यायाम टाळायचे असतात. आणि स्प्रिंगा शेवटच्या कधी बदलल्या, हे विचारायला संकोचू नका. त्या झिजतात, आणि चांगला स्टुडिओ त्यांची नोंद ठेवतो.