आनंदांची चीवरे आणि आपला लॅपटॉप

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कोसंबीचा राजा उदेन याच्या अंतःपुरातील स्त्रियांनी भदंत आनंदांना ५०० चीवरे दान दिली. इतक्या वस्त्रांचे हे भिक्खू काय करणार, कापडाचे दुकान मांडणार की काय, अशी शंका राजाला आली आणि त्याने थेट विचारणा केली. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत अशा भिक्खूंना ती वाटू, असे आनंदांनी सांगितले. मग त्या जीर्ण चीवरांचे काय? त्यांची पलंगपोस होतील. जुन्या पलंगपोसांच्या गाद्यांच्या खोळी, खोळींची जमिनीवरील अंथरुणे, अंथरुणांची पायपुसणी, पायपुसण्यांची झाडणी, आणि शेवटी त्या चिंध्या मातीत कालवून जमीन सारवली जाईल. संघाला दिलेले काहीच वाया जात नाही हे पाहून राजा संतुष्ट झाला व त्याने आणखी ५०० वस्त्रे दिली.

इतिहासाच्या तासाला हा प्रसंग आम्ही अनेक वर्षे सांगत आलो. त्याचा व्यवहारातला अर्थ मात्र एका लॅपटॉपने आम्हांस नव्याने शिकविला.

मागील उन्हाळी सुट्टीत आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी भेटावयास आली. ती पदव्युत्तर वर्गात शिकते. तिचा लॅपटॉप सुरू होण्यास सहा-सात मिनिटे लागत. प्रबंध टंकताना अक्षर बोटामागून सावकाश उमटे. दुकानदाराने ‘हा टाकून द्या, नवा घ्या’ असा सल्ला दिला होता, आणि तिचे वडील पतपेढीचे कर्ज काढण्याच्या तयारीत होते. आम्ही संगणकतज्ज्ञ नव्हे. पण शाळेच्या संगणक कक्षाची जबाबदारी काही वर्षे सांभाळल्याने थोडे ज्ञान पदरी पडले आहे. तपासणीअंती दोन भाग बदलले. लॅपटॉप मिनिटाच्या आत सुरू होऊ लागला आणि कर्ज टळले. हाच प्रसंग अनेक घरांत येत असल्याने त्यामागील कारणे येथे मांडीत आहोत.

आपल्या वसतिगृहात प्रत्येक मुलाला एक डेस्क आणि एक पत्र्याची पेटी असते. लॅपटॉपमधील रॅम म्हणजे डेस्क. हाती घेतलेले काम त्यावर पसरलेले असते. हार्ड डिस्क म्हणजे पेटी. सर्व काही तिच्यात कायमचे साठविलेले असते. डेस्क लहान असले की एक वही ठेवून दुसरी काढण्यासाठी वारंवार पेटी उघडावी लागते. ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर आज हेच घडते. ब्राउझरची चार पाने आणि एक दस्तऐवज उघडला की डेस्क भरते आणि यंत्र पेटीकडे धावत सुटते. रॅम ८ जीबी केल्यास ही धावपळ बरीच थांबते.

दुसरा दोष पेटीचा. जुन्या स्वस्त लॅपटॉपमधील हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी मिनिटाला ५४०० वेळा फिरते आणि एक सुईसारखा हात तिच्यावर माहिती शोधत हिंडतो. विखुरलेल्या लहान लहान फायली शोधताना तिला सेकंदाला शंभराच्या आसपासच नोंदी गाठता येतात. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. ती अशा हजारो नोंदी सहज वाचते. म्हणून दोहोंपैकी एकाच भागाचा खर्च झेपत असेल, आणि लॅपटॉपमध्ये अद्याप फिरती डिस्क असेल, तर आधी एसएसडी बसवावी, असे आमचे मत आहे.

खरेदीपूर्वी मात्र आपल्या यंत्रात काय बदलता येते, हे पाहणे आवश्यक आहे. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील परफॉर्मन्स या भागात रॅम किती आणि किती खाचा वापरात आहेत, हे दिसते. ही माहिती प्राथमिक समजावी आणि लॅपटॉपच्या मॉडेल क्रमांकावरून कंपनीच्या माहितीपत्रकात पडताळून घ्यावी. काही लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. ती बदलत नाही. अगदी स्वस्त लॅपटॉपमधील ३२ किंवा ६४ जीबीची ईएमएमसी साठवणही तशीच कायमची असते. विंडोज ३२-बिट असेल, तर ४ जीबीपेक्षा अधिक रॅमचा तिला उपयोग होत नाही. आधी ६४-बिट प्रणाली घालावी लागते.

रॅमची पिढीही जुळली पाहिजे. लॅपटॉपच्या डीडीआर३ पट्टीला २०४ पिना असतात, डीडीआर४ पट्टीला २६०; एक दुसरीच्या खाचेत बसत नाही. आम्ही स्वतः एकदा न पाहता चुकीची पट्टी आणली होती आणि ती परत करण्यास पुन्हा तालुक्याला जावे लागले. जुनी पट्टी सोबत नेणे हा यावरील साधा उपाय.

काम करण्यापूर्वी सर्व कागदपत्रांची प्रत अन्यत्र घ्यावी. लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढावा, बॅटरीची जोडणी सोडवावी आणि अंगावरील स्थिर वीज उतरविण्यासाठी धातूच्या वस्तूस स्पर्श करावा. हात सरावलेला नसेल तर जाणकाराकडून काम करून घ्यावे, पण स्वतः समोर बसून पाहावे. बॅटरी फुगलेली दिसल्यास लॅपटॉप वापरणे त्वरित थांबवावे; ती आग लावू शकते.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. या बदलांनी प्रोसेसर नवा होत नाही. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि बऱ्याच जुन्या प्रोसेसरांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. अशा ठिकाणी लिनक्स मिंटसारखी विनामूल्य प्रणाली घालता येते. तिच्यावर मराठी टंकलेखन आणि लिबरऑफिस दोन्ही उत्तम चालतात. मात्र मदरबोर्ड किंवा पडदाच निकामी झाला असेल, तर जुन्यावर खर्च करू नये.

बाबासाहेब लंडनमध्ये पोटाला चिमटा घेऊन शिकले. पुस्तकांवरील खर्चात मात्र त्यांनी हात आखडता घेतला नाही. काटकसर शिक्षणासाठी करावयाची असते, शिक्षणात नव्हे. वाचलेला पैसा मुलीच्या पुस्तकांकडे वळला, तरच या खटाटोपाला अर्थ आहे.

त्या विद्यार्थिनीची जुनी हार्ड डिस्क चालू होती. यूएसबीच्या लहानशा डबीत बसविल्यावर ती तिच्या प्रबंधाच्या प्रती ठेवण्याची पेटी झाली. काढलेली ४ जीबीची पट्टी तिने शाळेला दिली; ती आज संगणक कक्षातील एका लॅपटॉपमध्ये दुसऱ्या खाचेत बसली आहे. माजी विद्यार्थ्यांस आमची विनंती आहे की, घरी पडून असलेले चालू भाग व लॅपटॉप, त्यांतील खाजगी माहिती पुसून, शाळेकडे पाठवावेत. जे खरोखर निकामी असेल ते कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनाकडे द्यावे. आनंदांच्या उत्तरातील शेवटची चिंधीदेखील जमीन सारवण्याच्या कामी आली होती.

नमो बुद्धाय! जय भीम!