चौपट किमतीची रायफल

एकाच कामाच्या दोन वस्तू समोर असल्या, एक स्वस्त आणि एक महाग, की गिऱ्हाईक विचारते : जास्तीच्या पैशांत जास्तीचे काय मिळते? साडी, सायकल, शिवणयंत्र यांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर फारसे अवघड नसते. बंदुकीच्या बाबतीत मात्र ते गुंतागुंतीचे होते, कारण बंदूक विकत घेणारा एक असतो, ती खांद्यावर वाहणारा दुसरा असतो आणि तिची गोळी खाणारा तिसरा. १८५७ साली ब्रिटिश लष्करापुढे अशा दोन रायफली आल्या. एकीचे नाव शाळेतल्या इतिहासामुळे आपल्या सर्वांना ठाऊक आहे : एन्फिल्ड. दुसरीचे नाव मराठी वाचनात क्वचितच येते : व्हिटवर्थ. पहिलीच्या मानाने दुसरीची किंमत सुमारे चौपट होती. ही चौपट किंमत कशासाठी होती, लष्कराने ती का मोजली नाही आणि या हिशेबात हिंदी शिपायाच्या हाती अखेर काय आले, हे या लेखात पाहायचे आहे.

आधी एन्फिल्ड. लंडनच्या उत्तरेला एन्फिल्ड येथे सरकारी बंदूक कारखाना होता, त्यावरून हे नाव पडले. १८५३ साली मंजूर झालेली ही ठासणीची बंदूक. म्हणजे दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून आत घालून गजाने ठासायची. नळीची लांबी ३९ इंच, वजन साधारण साडेनऊ पौंड, आतला व्यास ०.५७७ इंच. जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीपेक्षा तिच्यात मोठा फरक एकच होता. नळीच्या आत तीन उथळ, पिळाच्या खाचा कोरलेल्या होत्या. आपल्याकडचे कारागीर त्यांना आटे म्हणतील. या आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि फिरणारी गोळी भोवऱ्यासारखी स्थिर राहते. एन्फिल्डच्या निशाणीवर ९०० यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या. गुळगुळीत नळीच्या बंदुकीने शंभर यार्डांपलीकडच्या माणसावर नेम धरणे म्हणजे बव्हंशी नशिबाचा खेळ होता, हे लक्षात घेतले म्हणजे ही उडी किती मोठी होती ते कळते.

आता व्हिटवर्थ. ज्यांनी जुन्या वर्कशॉपमध्ये काम केले आहे त्यांना हे नाव वेगळ्या कारणाने परिचयाचे असेल. मीही काही वर्षे लेथसमोर काढली आहेत, आणि ‘व्हिटवर्थ आटे’ हा शब्द तिथे नटबोल्टाइतकाच रोजचा होता. तो हाच जोसेफ व्हिटवर्थ. मँचेस्टरच्या या यंत्रकाराने १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण ठरवून दिले आणि पुढे इंचाच्या दहा लाखाव्या भागापर्यंतचा फरक दाखवणारे मोजयंत्र बनवले. बंदुकीशी त्याचा आधी काही संबंध नव्हता. ब्रिटिश सेनापती लॉर्ड हार्डिंग यांनी त्याला रायफलीच्या नळीचा अभ्यास करायला सांगितले. १८४४ ते १८४८ या काळात हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल होते तेच हे हार्डिंग. व्हिटवर्थने आपल्या घराच्या आवारात ५०० यार्ड लांबीची बंदिस्त नेमबाजीची जागा बांधून घेतली आणि एकेक गोष्ट बदलून पाहिली : नळीचा व्यास, आट्यांचा पीळ, गोळीची लांबी.

त्याने काढलेले उत्तर असे. गोळीचे वजन एन्फिल्डइतकेच, ५३० ग्रेन, ठेवायचे; पण व्यास ०.५७७ वरून ०.४५१ इंचावर आणायचा. वजन तेवढेच आणि अंग बारीक, म्हणजे गोळी लांबट झाली. लांबट गोळीला हवेचा अडथळा कमी होतो, पण ती स्थिर राहायची तर तिला जास्त वेगाने फिरवावे लागते. एन्फिल्डच्या आट्यांचा एक वेढा ७८ इंचांत पुरा होत असे. व्हिटवर्थने तो २० इंचांत पुरा केला. एवढ्या तीव्र पिळात मऊ शिशाची गोळी आटे सोडून सरळ घसरण्याची भीती होती. म्हणून त्याने खाचा कोरण्याऐवजी सगळी नळीच आतून षटकोनी केली आणि गोळीही तशाच पिळाची षटकोनी बनवली. नटात बोल्ट बसावा तशी गोळी नळीत बसत असे. आयुष्यभर आट्यांचा विचार केलेल्या माणसालाच सुचावी अशी ही कल्पना आहे.

१८५७ च्या एप्रिल महिन्यात केंट परगण्यातील हाइथ येथे, लष्कराच्या नेमबाजी शाळेत, दोन्ही रायफलींची चाचणी झाली. मोजमाप होते ते लक्ष्यावर पडलेल्या गोळ्या त्यांच्या मध्यापासून सरासरी किती लांब विखुरल्या याचे. ५०० यार्डांवर एन्फिल्डचे अंतर आले २.२४ फूट, व्हिटवर्थचे ०.३७ फूट. ८०० यार्डांवर एन्फिल्ड ४.११ फूट, व्हिटवर्थ १ फूट. १४०० यार्डांवर एन्फिल्डच्या नावापुढे आकडाच नाही. व्हिटवर्थ तिथेही ४.६२ फुटांत होती. म्हणजे एन्फिल्ड ८०० यार्डांवर जेवढी चुकत होती, त्याहून थोडीशीच जास्त व्हिटवर्थ १४०० यार्डांवर चुकत होती. तीन वर्षांनी, २ जुलै १८६० रोजी, विंबल्डनच्या नेमबाजी मेळाव्याचे उद्घाटन व्हिक्टोरिया राणीने केले ते व्हिटवर्थ रायफलीनेच. रायफल आधीच चौकटीत पक्की बसवली होती. राणीने रेशमी दोरी ओढली आणि ४०० यार्डांवरची गोळी मध्यबिंदूपासून सव्वा इंचावर लागली.

एवढे असून लष्कराने व्हिटवर्थ नाकारली. काही पलटणींना ती पुढे चाचणीसाठी दिली गेली, पण सर्वांची रायफल ती कधीच झाली नाही. हा निर्णय मूर्खपणाचा होता असे मानणारे पुष्कळ आहेत. मला तसे वाटत नाही. चौपट किंमत हे कारण खरेच होते, पण किंमत हा शेवटचा आकडा असतो. त्याच्या आत अनेक गोष्टी दडलेल्या असतात.

पहिली गोष्ट काजळीची. त्या काळची काळी दारू जळली की तिचा जवळजवळ निम्मा भाग घन रूपात मागे राहतो. दहावीस बार काढले की नळीच्या आत खरखरीत थर चढतो. पुढची गोळी त्या थरावरून खाली उतरली पाहिजे. एन्फिल्डची गोळी मुद्दामच नळीपेक्षा बारीक ठेवलेली होती; ती गजाने सहज खाली जाई. बार उडाला की तिचा पोकळ बुंधा वायूच्या दाबाने फुगे आणि आट्यांना घट्ट धरी. जाताना सैल, येताना घट्ट : सगळी युक्ती एवढीच. व्हिटवर्थची षटकोनी गोळी जातानाही नेमकी बसणारी होती. जिथे नेमकेपणा आहे तिथे मळाला जागा नसते. वर्कशॉपमध्ये हे रोज दिसते. अगदी चपखल बसणारा जोड स्वच्छ खोलीत उत्तम चालतो आणि धुळीत आधी अडकतो. व्हिटवर्थसाठी मऊ शिशाची गोलाकार गोळीही वापरता येई, पण बारीक नळीतली काजळी हा तिच्याविरुद्धचा मुख्य आक्षेप कायम राहिला.

दुसरी गोष्ट कारखान्याची. एन्फिल्डच्या कारखान्यात याच सुमारास अमेरिकेतून आणलेली यंत्रे बसवली गेली. त्यावर बनलेल्या एका रायफलीचा चाप दुसरीला बसे, एकीचा घोडा तिसरीला. मोडलेला भाग बदलायला कुशल लोहार लागत नसे. तिसरी गोष्ट हाताची. चौकटीत जखडलेली रायफल सव्वा इंचावर मारते. पण दमलेला, घाबरलेला, धुरात उभा असलेला शिपाई ५०० यार्डांवर स्वतःच कित्येक फूट चुकतो. त्याच्या हातात तिप्पट-चौपट नेमकी नळी दिली तरी त्याचा हात तेवढा नेमका होत नाही. लाखो रायफली घेणाऱ्याने सरासरी हाताचा विचार केला, यात गैर काही नव्हते.

महाग रायफल ज्या हातांत शोभली ते हात मोजके होते. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या सैन्याने थोड्या व्हिटवर्थ मिळवल्या आणि त्या निवडक नेमबाजांना दिल्या. ९ मे १८६४ रोजी स्पॉटसिल्व्हेनियाच्या लढाईत उत्तरेचा सेनानी जॉन सेजविक आपल्या वाकून बसणाऱ्या सैनिकांना, एवढ्या लांबून त्यांना हत्तीही टिपता येणार नाही, असे सांगत होता. थोड्याच वेळात तो डोळ्याखाली गोळी लागून पडला. ती व्हिटवर्थची होती, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

इथपर्यंतचा हिशेब गिऱ्हाइकाचा आहे आणि तो पटण्यासारखा आहे. पण स्वस्त रायफलीचीही एक छुपी किंमत होती, आणि ती हिंदुस्थानात चुकवावी लागली. एन्फिल्डचे काडतूस कागदाचे असे. कागद फाडून दारू नळीत ओतायची आणि गोळी तिच्या कागदी वेष्टनासकट ठासायची. हे वेष्टन काजळीवरून सरकावे म्हणून त्याला वंगण लागे : चरबी आणि मेण. सैल गोळीची युक्ती या वंगणावाचून चालत नव्हती. चरबी कोणत्या जनावराची, हा प्रश्न इंग्लंडमधल्या कारखानदाराच्या मनात येण्याचे कारण नव्हते. दमदमच्या शिपायाला तो पहिल्या दिवशीच पडला. काडतूस दाताने फाडायचे, असा कवायतीचा नियम होता. पुढे सरकारने शिपायांना आपापले वंगण लावायची मुभा दिली, हाताने फाडायची परवानगी दिली, पण तोवर विश्वास उडाला होता. मीरतला २४ एप्रिल रोजी ८५ स्वारांनी जी काडतुसे नाकारली ती तर एन्फिल्डची नव्हतीच, जुन्या प्रकारची होती. संशय एका बंदुकीपुरता राहिला नव्हता.

त्याच उन्हाळ्यात एन्फिल्ड रणांगणावर आली ती गोऱ्या पलटणींच्या हाती. १२ जुलै १८५७ रोजी फत्तेपूरला नानासाहेब पेशव्यांच्या फौजेची गाठ हॅवलॉकच्या तुकडीशी पडली. नानासाहेबांच्या बाजूच्या शिपायांकडे मुख्यतः गुळगुळीत नळीच्या बंदुका होत्या. त्यांचा मारा पोहोचण्याआधीच समोरून गोळ्या येऊ लागल्या. विजयानंतर आपल्या सैन्याचे आभार मानताना हॅवलॉकने ज्या गोष्टींची नावे घेतली त्यांत एन्फिल्ड रायफल होती. हिंदुस्थानच्या उन्हात मात्र एन्फिल्डची गोळी नळीत अडकत असल्याच्या तक्रारी आल्या, म्हणून नंतर तिचा व्यास ०.५५० इंचापर्यंत कमी करण्यात आला. स्वस्त रायफल आणखी सैल झाली आणि आणखी भरवशाची झाली.

बंड मोडल्यावर सरकारने एक तिसरी बंदूक तयार केली. या लेखाचे खरे कारण तीच आहे. १८५८ च्या नमुन्याची ही बंदूक हिंदी पायदळासाठी होती. बाहेरून ती एन्फिल्डच होती : तोच दस्ता, तोच घोडा, तशीच लांब नळी. फक्त नळी आतून ०.६५६ इंचापर्यंत पोखरून गुळगुळीत केलेली होती. आटे नाहीत. पल्ल्याच्या खुणांची सरकती निशाणी काढून तिच्या जागी एक साधी ठोकळेवजा निशाणी बसवलेली. पोखरल्यामुळे नळी इतकी पातळ झाली की तिला सहज पोचे पडू लागले. मग पुढच्याच वर्षी जाड नळीचा नमुना काढावा लागला. म्हणजे वाईट बंदूक नीट बनवण्यासाठी पुन्हा नव्याने खटपट करावी लागली.

व्हिटवर्थ नाकारताना किंमत, काजळी, कारखाना ही कारणे होती. आटे काढून टाकताना यांपैकी एकही कारण लागू नव्हते. नेम असलेली नळी हाताशी होती, ती बनवायची यंत्रे होती. आपल्या नोकरीतला शिपाई उद्या उलटला तर त्याची गोळी आपल्यापर्यंत पोहोचू नये, एवढाच हिशेब होता. यापुढे हिंदी पलटणींना शस्त्र मिळाले ते गोऱ्या पलटणींपेक्षा साधारणतः एक पिढी मागचे. १८६६ मध्ये एन्फिल्डचीच मागची बाजू कापून, बिजागरीचा ठोकळा बसवून स्नायडर ही मागून भरायची रायफल करण्यात आली. ती आधी गोऱ्यांना मिळाली. त्यांना मार्टिनी-हेन्री मिळू लागली, तेव्हा स्नायडर हिंदी पलटणींकडे आली. त्यांच्या हाती ली-मेटफर्ड आली, तेव्हा मार्टिनी-हेन्री खाली उतरली.

मुंबई सैन्यातल्या बहुतेक पलटणी १८५७ मध्ये सरकारशी एकनिष्ठ राहिल्या होत्या. तरी २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंदच्या मैदानावर मुंबईच्या ग्रेनेडियर आणि जेकब्ज रायफल्स या पलटणी उभ्या राहिल्या त्या स्नायडर घेऊन, आणि त्यांच्याच रांगेतली ६६ वी गोरी पलटण मार्टिनी-हेन्री घेऊन. अडीच हजारांच्या आसपास असलेल्या त्या ब्रिगेडमधली जवळजवळ हजार माणसे त्या दिवशी मेली. पराभवाची कारणे बरीच होती. शत्रूची संख्या, त्याच्या तोफा, तहान. बंदुकीवर सगळा दोष टाकता येणार नाही. पण एकाच उन्हात, एकाच शत्रूसमोर उभ्या असलेल्या दोन शिपायांना वेगवेगळा पल्ला दिलेला होता आणि तो त्यांच्या नेमबाजीवरून ठरलेला नव्हता.

मार्टिनी-हेन्रीच्या नळीचा व्यास ०.४५० इंच होता आणि आट्यांचा एक वेढा २२ इंचांत पुरा होई. व्हिटवर्थचे आकडे ०.४५१ आणि २०. त्याचा षटकोन मागे पडला, पण त्याची मापे चौदा वर्षांनी, १८७१ साली, लष्कराने जवळजवळ तशीच स्वीकारली. तोवर मागून भरायची सोय आली होती, गोळी नळीच्या तोंडातून ठासायची राहिली नव्हती. महाग कल्पना अशी कालांतराने स्वस्त होते. शिपायावरचा अविश्वास मात्र त्या वेगाने कमी झाला नाही. म्हणून जुनी बंदूक पाहायला मिळाली की आधी नळीच्या तोंडाशी डोळा लावून आत पाहावे. आटे असतील तर ती कोणत्या कारखान्याची, एवढे विचारले तरी पुरते. आटे नसतील आणि बाकी सारे एन्फिल्डसारखे असेल, तर ती कोणाच्या हाती द्यायची होती, हे विचारावे.